अमानत खातं



आमच्या माहेरी एक वाक्य पिढीजात चालत आलं होतं. "आप्पा रझाकारांत गेले." म्हणजे ते रझाकारांना जाऊन मिळाले असं नव्हे. त्या धामधुमीत मारले गेले, असा त्याचा अर्थ. मराठवाड्याकडच्या वाचकांना हे फोडून सांगावं लागणार नाही. आमच्याकडे 'रझाकारांत' हा एक काळच आहे, 'प्लेगात' किंवा 'बहात्तरच्या दुष्काळात' म्हणावं तसा.

आप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. आप्पांचा फोटो नाही, पत्रिका नाही, हातची एखादी वस्तूही नाही. होती ती फक्त त्यांची बायको, आमची जिजी. एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली, मूलबाळ नाही. सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकली आणि पुढे तिथेच मुलींना शिकवत राहिली. सुट्टीत घरी आली की आम्हा पोरींची वेणीफणी, पाढे आणि तत्त्वार्थसूत्र या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत व्हायच्या. आप्पांचा विषय तिच्यासमोर निघत नसे. निघाला तर ती उठून पाणी गाळायला जायची. दिवसातून किती वेळा पाणी गाळतेस, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा आईने डोळे वटारले होते.

आणखी एक गोष्ट लहानपणी खटकायची. क्षमावाणीच्या दिवशी आमच्याकडे सगळे सगळ्यांना हात जोडतात. लहान मोठ्यांना, मोठे लहानांनाही, नोकरमाणसांना, भाजीवाल्यालासुद्धा. जिजी सगळ्यांपुढे हात जोडायची, दादा समोर आले की मात्र आत निघून जायची. दरवर्षी. आणि दादा ती गेली त्या दाराकडे तोंड करून हात जोडायचे. मोठ्यांच्या घरात असे काही नियम असतील, इतपतच आम्ही समजायचो.

गेल्या वर्षी हे सगळं वर आलं त्याला निमित्त झालं एका स्मरणिकेचं. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृत महोत्सवी वर्ष १७ सप्टेंबर २०२३ ला संपलं. आमच्या गावच्या मंडळींची स्मरणिका अर्थातच तोवर निघाली नव्हती. ती काढायची म्हणून त्यांनी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. गावातल्या हुतात्म्यांवर एकेक पान आहे, तुमच्या आप्पांवर तीनशे शब्द द्या, म्हणाले. भावाने ते काम माझ्याकडे ढकललं, कारण घरात 'लिहिणारी' मी. आता ज्या माणसाबद्दल घराला एकच वाक्य माहीत आहे त्याच्यावर तीनशे शब्द कुठून आणायचे? म्हणून मी दादांच्या वह्या मागवल्या.

वह्या भावाकडे माळ्यावर होत्या, लाल बासनात बांधलेल्या. रोजमेळ आणि खतावणी, मोडीत लिहिलेल्या. मला मोडी येते, तीही अपघाताने. बाबा किराण्याची यादी मोडीत लिहायचे आणि ती घेऊन दुकानात जायचं काम माझं, तेव्हा ती लिपी शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे बी.कॉम. केलं, त्याचा नोकरीसाठी उपयोग झाला नाही. घरखर्चाची वही मात्र मी ४० वर्षं दोन बाजूंनी लिहिते आहे, जमा आणि नावे. घरातले हसतात. हसू देत.

थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ ला वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या हाती रझाकारांची संघटना होती. दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालला होता आणि सरहद्दीवर तरुणांचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले होते. मध्ये सापडली खेड्यापाड्यातली माणसं. रझाकार गावं लुटायचे, जाळायचे, माणसं मारायचे. सरहद्दीजवळचे लोक गाड्या जुंपून सोलापूर-बार्शीकडे निघाले. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, नळदुर्गच्या रस्त्यापासून थोडं आत. दादांनी शिमगा झाल्यावर बायकामुलांना सोलापुरात नातेवाइकांकडे आणलं. आप्पा मागे राहिले. दुकान होतं हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे गावात आमचं लहानसं मंदिर. मूर्तीचा रोजचा प्रक्षाल चुकू द्यायचा नाही, म्हणून एका माणसाने थांबायचं ठरलं. ते थांबले. वय २८.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. मुख्य फौज सोलापूरकडूनच गेली आणि पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतलं. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. घरच्या वाक्याचा हिशेब असा की, आप्पा या तारखेच्या आधी गेले असणार. रझाकारांचं राज्य तोवरच होतं.

आता वही.

संस्थानात हाली शिक्का चालायचा, सोलापुरात कलदार रुपया. ७ हाली म्हणजे ६ कलदार. सरहद्दीवरच्या दुकानदाराला दोन्ही सांभाळावे लागत, म्हणून आमच्या रोजमेळात रकमेला दोन घरं आहेत. वर फसली सन १३५७, खाली मिती. आप्पांचं अक्षर मोठं, जरा तिरकं. शब्दाच्या शेवटी उगाच एक शेपूट सोडायची त्यांना सवय होती. मी पानं उलटत भाद्रपदात आले. दशलक्षण पर्वात विक्री कमी दिसते, रोज एक-दोन ओळी. शुद्ध दशमी, म्हणजे सुगंध दशमी: "रस्त्यावर फौज. दुकान अर्धे." चतुर्दशी: "उपवास. दुकान बंद." पुढे वद्य प्रतिपदा: "देवळी क्षमावाणी. माणसे ४."

मी इथे थांबले. उठून चहा केला. मग जुनं पंचांग जुळवलं आणि फोनवरही पाहिलं. १९४८ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, शुक्रवारी. (२०२४ लाही तसंच आलं होतं, अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरलाच. तिथी आणि तारीख दर १९ वर्षांनी साधारण पुन्हा गाठ घेतात.) सुगंध दशमी म्हणजे १३ सप्टेंबर, फौजा शिरल्या तो दिवस. आणि क्षमावाणीची वद्य प्रतिपदा म्हणजे १९ सप्टेंबर, रविवार.

म्हणजे शरणागतीनंतर दोन दिवसांनी आप्पा जिवंत होते. मंदिरात चार माणसांत बसून क्षमा मागत होते आणि घरी येऊन त्याची नोंद करत होते.

पुढच्या दोन दिवसांत विक्रीची एकही नोंद नाही. फक्त जमेच्या बाजूला ओळीने: "अमानत, तांबोळीण, सरी १, बांगड्या ४." "अमानत, पिंजारीण, चांदीचे तोडे १ जोड, रोख हाली १४०, कलदार १२०." "अमानत, अत्ताराची सून, नथ १, भांडी गाठोडे १." अशा सात नोंदी. सगळी मुसलमान घरं. शेवटची वद्य तृतीयेची, म्हणजे २१ सप्टेंबरची. त्यानंतर पान कोरं. मग वद्य नवमीला दादांच्या बारीक अक्षरात दोन वाक्यं: "आप्पा गेले. दुकान बंद."

ज्या रझाकारांनी आप्पांना मारलं म्हणून मी लहानपणापासून ऐकत आले ते २१ सप्टेंबरला कुठे होते? पळाले होते, लपले होते, नाहीतर कैदेत होते.

वाणिज्य शाखेत एक गोष्ट डोक्यात पक्की बसते. स्मरणशक्ती आणि रोजमेळ यांचं जुळलं नाही तर रोजमेळाचं धरायचं. मी बार्शीला आत्याकडे गेले.

आत्या ८७ वर्षांची. १९४८ ला ती ११ वर्षांची होती आणि सोलापूरच्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सगळ्या मोठ्यांच्या मध्ये झोपायची. मी तिच्यापुढे वही ठेवली आणि मिती वाचून दाखवल्या. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "कळलं का तुला शेवटी? बरं झालं. मला वाटलं माझ्याबरोबरच जाणार."

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. फौज पुढे निघून गेली आणि गावात वारं फिरलं. वर्षभर जे सोसलं होतं ते काढायचं तर समोर रझाकार नव्हते. गावातले दोन पोरगे रझाकारांत होते, तेही पळाले होते. उरली होती त्यांच्या जातीची सात-आठ घरं, म्हातारे, बायका, पोरं. शेजारच्या गावांतून जमाव येणार अशी कुणकुण लागली तेव्हा त्या बायका आप्पांकडे आल्या. आधी दागिने घेऊन आल्या, ते लिहून घेऊन त्यांनी कोठीत ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच आल्या. आप्पांनी त्यांना दुकानामागच्या धान्याच्या कोठीत ठेवलं. जमाव आला तेव्हा आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. देवळाच्या उपाध्यांनी तेवढ्या वेळात मागच्या परसातून बायकापोरांना ओढ्याकडे काढलं. पिंजाऱ्याच्या म्हाताऱ्याला चालता येत नव्हतं, तो कोठीतच राहिला. तो आणि आप्पा असे दोघे गेले.

"मारणारे बाहेरगावचे?" मी विचारलं.

"बाहेरगावच्यांना आपली कोठी कुठे आहे ते काय ठाऊक?" आत्या म्हणाली. "पुढे होते ते गावचेच. आपल्याच खात्यावरचे. नाव विचारू नकोस. त्या घरच्या पोरी आता आज्या झाल्यात, त्यांचा काय दोष."

तिसऱ्या दिवशी दादा सोलापूरहून पोचले तोवर गावाने अंत्यसंस्कार उरकले होते. सगळ्या गावाने एकच सांगितलं, रझाकार पळता पळता मारून गेले. उपाध्यांनी रात्री दार लावून खरं सांगितलं. दादांनी सकाळी गावापुढे मान डोलावली आणि सोलापूरला येऊन घरीही तेच सांगितलं. फक्त जिजीला खरं सांगितलं. ती भिंतीपलीकडे दादांना म्हणत होती ते आत्याने ऐकलं होतं: "फौजेचा साहेब सोलापुरात आहे. मी जाते, सांगते." आणि दादा म्हणत होते, "नाही."

हे ऐकून परत येताना एसटीत मला दादांचा फार राग आला होता. माझ्या आठवणीतले दादा म्हणजे मुंगीला वाट करून देणारे, दिवेलागणीआधी जेवणारे. त्यांनी भावाचा खून गिळला आणि एका १९ वर्षांच्या पोरीला तो गिळायला लावला. घरी आल्यावर मी त्या गावकऱ्यांची खाती काढली. आत्याने नाव सांगितलं नव्हतं, पण खतावणीने सांगितलं. एका घराचं खातं भाद्रपदापासून वर्षभर थांबलं आहे, ना देणं ना घेणं. मग १९४९ च्या भाद्रपद वद्य प्रतिपदेला, बरोबर क्षमावाणीच्या दिवशी, दादांच्या अक्षरात नोंद आहे: "बाकी हाली ६३, माफ." खाली दुहेरी रेघ.

ही क्षमा की भीती? मी ते पान पुष्कळदा पाहिलं. दादांना त्या गावात दुकान पुन्हा उघडायचं होतं, मंदिर तिथे होतं, शेत तिथे होतं, आणि अख्ख्या गावात आमची चार घरं. एवढ्या संख्येच्या माणसाने माफ केलं म्हणजे नक्की काय केलं? आमच्या पोथ्या सांगतात की शिक्षा करायची ताकद असताना केलेली क्षमा ती खरी. दादांकडे ताकद कुठली? पण मग हेही खरं की, ती बाकी ते नुसती सोडून देऊ शकले असते. मिती पाहून त्याच दिवशी लिहायची गरज नव्हती. मला वाटतं त्यांना स्वतःलाही दोन्ही वेगळं करता आलं नसेल.

जिजीला मात्र ते भीतीच वाटलं असणार. म्हणून ते दाराआड जाणं.

हे एकट्या आमच्या घराचं नव्हतं, हेही मला आत्ताच कळलं. पोलीस ॲक्शननंतर पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात पाठवली होती. समितीचा अंदाज असा होता की, कारवाईच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त. मेलेले मुख्यतः मुसलमान. तो अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळू लागला २०१३ च्या सुमारास. त्यात हेही लिहिलं आहे की, कुठे कुठे हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं आणि त्यापायी स्वतःचा जीव गमावला. म्हणजे आप्पांसारखे आणखी होते. त्यांच्या घरी काय वाक्य सांगत असतील?

यामुळे रझाकारांनी केलेलं खोटं ठरत नाही. माझ्या आजोळच्या माणसांनी रझाकारांची लूट डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. पण एकाचं लिहायचं आणि दुसऱ्याचं कोरं ठेवायचं, तर ताळेबंद जुळत नाही. आपण त्याला कारवाई म्हणा, मुक्ती म्हणा. गावच्या पायरीवर जे झालं त्याला जुन्या मराठीत यादवी म्हणतात.

आता त्या अमानत खात्याचं. मला खरं तर याचसाठी लिहायचं होतं.

अमानत म्हणजे ठेव. दुकानाचा पैसा नव्हे, दुकानावरचं देणं. १९४८ च्या दिवाळीला, वीर निर्वाण संवत २४७५ च्या नव्या वहीत, दादांनी सातही नोंदी पुढे ओढल्या आहेत. घरात सुतक, दुकान बंद, पण वहीपूजन झालं आणि पहिलं खातं अमानतीचं. जीव वाचवून निघालेल्या त्या बायकांपैकी काही सोलापुरात आल्या होत्या, विडी कारखान्यात लागल्या होत्या. त्या एकेक करून येऊन आपली वस्तू घेऊन गेल्या. नोंदीसमोर "पोच" आणि अंगठा. तांबोळणीची सरी १९४९ ला गेली. अत्ताराच्या सुनेची नथ १९५० ला.

पिंजारणीने रोख रक्कम एकदम नेली नाही. तिच्याकडे ठेवायला जागा नसेल, किंवा कोणी काढून घेईल ही भीती असेल. दरमहा ५ रुपये नेत होती. आणि इथे वहीत अक्षर बदलतं. दीड वर्षानंतर त्या एका खात्यातल्या सगळ्या नोंदी मोडीत नाहीत, बाळबोध अक्षरात आहेत. गोल, सुटं, शाळामास्तरणीचं अक्षर. मी त्या अक्षरात पाढे गिरवले आहेत, ओळखायला क्षणभरही लागला नाही.

जिजी श्राविकाश्रमातून दर महिन्याला दादांच्या दुकानी यायची. ज्या माणसापुढे क्षमावाणीलाही उभी राहायची नाही त्याच्या गादीशी बसून फक्त हे एक पान लिहायची आणि जायची. ही तिच्या नवऱ्याने घेतलेली ठेव होती, ती तिने दादांच्या हाती सोडली नाही.

बेरीज केली तेव्हा आणखी एक निघालं. ठेव होती १२० कलदारांची. दरमहा ५ रुपयांनी ती २४ महिन्यांत संपते. खातं मात्र पुढे दहा वर्षं चाललं आहे. संपलेल्या ठेवीवर पैसे जात राहिले तर खातं उलटं होतं, ते देणं न राहता येणं होतं. पण जिजीने ते उलटं होऊ दिलेलं नाही. ठेव संपली त्या महिन्यापासून जमेच्या बाजूला दरवेळी "५ रुपये, हस्ते स्वतः" आणि नावेच्या बाजूला "५ रुपये, पिंजारीण." तिचा आश्रमातला पगार तेव्हा कितीसा असणार? १९५७ ला आणे-पै गेले, नवे पैसे आले, खातं चालूच. पिंजारणीला कधी कळलं असेल का की तिची ठेव केव्हाच संपली आहे? मला वाटतं जिजीने कळू दिलं नसेल. १९६२ ला शेवटची नोंद: "तोडे १ जोड, पोच. खाते चुकते." समोर अंगठा, शाई जरा पसरलेली.

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. जिजी ते आमच्याकडून पाठ करून घ्यायची. कूटलेखक्रिया म्हणजे खोटं लिहून ठेवणं. न्यासापहार म्हणजे दुसऱ्याची ठेव बुडवणं. हे दोन ती बोटावर मोजून दोनदा म्हणायला लावायची, आणि आम्हाला वाटायचं की बाईंना विसरायला झालं आहे. त्याच पाचांत रहोभ्याख्यानही आहे, म्हणजे दुसऱ्याचं गुपित उघड करणं. भावाने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं.

"ताई, तू जे करायला निघालीस तोही अतिचारच आहे," तो म्हणाला. "दादांनी ७५ वर्षं झाकलं ते काही विचार करूनच ना? आज गावात आपलं बरं चाललंय. मंदिराच्या जीर्णोद्धाराला त्याच घरच्या मुलाने ट्रॅक्टरने वाळू फुकट टाकली. कशाला उकरायचं?"

त्याचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. वाळू टाकणाऱ्या मुलाने काहीच केलेलं नाही, आणि हल्ली अशा गोष्टी हातात मिळाल्या की लोक त्यांचं काय करतात ते आपण रोज पाहतो. म्हणून मी घराचं नाव इथे लिहिलेलं नाही, गावाचंही नाही, आणि ते खातं कोणाला दाखवणारही नाही. पण आप्पांच्या नावापुढे 'रझाकारांच्या गोळीला बळी' असं माझ्या हाताने लिहायचं? दादा गावापुढे खोटं बोलले, वहीत नाही बोलले. मितीसुद्धा बदलली नाही. आणि तोंडाने बोललेलं माणसाबरोबर जातं, स्मरणिका मात्र ग्रंथालयात राहते.

मी तीनशे शब्दांऐवजी दीडशेच पाठवले. आप्पा मंदिरासाठी गावी थांबले. २१ सप्टेंबर १९४८ नंतर गावात जमाव आला तेव्हा शेजारच्या बायकामुलांना आसरा दिल्याबद्दल ते मारले गेले. त्यांच्यापाशी ठेवलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या पत्नीने परत केली. शेजारी कोण ते मी लिहिलं, जमाव कोणाचा ते लिहिलं नाही.

आठवड्याने फोन आला. बोलणारे गृहस्थ अतिशय अदबीने बोलले. "ताई, मजकूर छान आहे. फक्त तारीख तेवढी सप्टेंबरच्या आधीची करू या. नाहीतर ते मुक्तिसंग्रामात बसत नाही." मी म्हटलं, तारीख माझी नाही, वहीतली आहे. त्यांना त्या पानाचा फोटो पाठवला आणि मोडी वाचणारं त्यांच्याकडे कोणी नसेल म्हणून खाली बाळबोधमध्ये ओळ न् ओळ लिहून दिली. अजून उत्तर नाही. भाऊ म्हणतो, छापणार नाहीत.

यंदा क्षमावाणीला मी बार्शीला गेले होते. जिजीच्या अक्षरातली पानं दुकानातून मोठ्या आकारात छापून नेली, कारण मोतीबिंदू काढल्यापासून आत्याला बारीक दिसत नाही. तिने ती भिंगाशिवाय वाचली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "इथे पाच आहेत का सहा?"

पाचच होते. खालची शाई उमटली होती.